फौजदारांची दाढ

लोकांना तोंड उघडायला लावणं हा माझा धंदा आहे. मी दातांचा डॉक्टर. भल्याभल्यांनी माझ्या खुर्चीत बसून आ वासलाय. त्यामुळे एखाद्याच्या पोटातलं गुपित काढून घेणं म्हणजे आपल्या हातचा मळ, अशी माझी पक्की समजूत होती. होती, असं मुद्दाम म्हणतोय.

त्या मालिकेनं आमच्या अख्ख्या गल्लीला वेड लावलं होतं. गोष्ट म्हणाल तर साधी. एका लहानशा गावात घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा स्वतःच्याच दुकानात मेलेला सापडतो आणि नुकताच बदलून आलेला, थकल्या चेहऱ्याचा एक फौजदार तपास करतो. मारामारी नाही, गाड्यांचा पाठलाग नाही. हा माणूस नुसता लोकांच्या शेजारी बाकावर जाऊन बसतो, आणि लोक आपणहून बोलायला लागतात. संशय तिघांवर होता : बागेतला माळी, शाळेच्या मोठ्या बाई आणि खानावळीची काकी.

माझा दवाखाना खाली, घर वर. सासूबाई आमच्याकडेच असतात आणि त्यांचा मुक्काम दिवसभर दवाखान्याच्या बाकड्यावर असतो. दात दुखतात म्हणून नव्हे, गप्पांना माणसं मिळतात म्हणून. त्यांचं मत ठाम होतं. म्हणायच्या, खून झालेल्या घरातसुद्धा हा फौजदार पायपुसण्यावर बूट पुसून जातो, असा माणूस खोटा तपास करणारच नाही. माझ्या हाताखालच्या सिस्टरना काकी आवडायची, कारण खुनाची चौकशी चालू असतानाही तिचं भांडी घासणं थांबत नाही. घर चालवणाऱ्या बाईला थांबता येतच नाही, हे लिहिणाऱ्याला कळलंय, असं त्या म्हणायच्या. आणि आमचे जुने पेशंट, निवृत्त न्यायाधीश, म्हणजे आमचे जजसाहेब! त्यांच्या मते यातला एकही पुरावा कोर्टात पहिल्या सुनावणीला टिकला नसता. तरी ते प्रत्येक भाग दोनदा बघायचे.

शेवटचा भाग रविवारी दुपारी लागणार होता. त्याच आठवड्यात एका सकाळी, गळ्यातला मफलर गालापर्यंत गुंडाळलेला एक माणूस दवाखान्यात आला. दारात थांबला आणि त्यानं पायपुसण्यावर बूट पुसले. आधी डावा, मग उजवा. सासूबाईंच्या हातातलं विणकाम खाली पडलं.

साक्षात फौजदार! म्हणजे ते काम करणारा नट. बहिणीकडे पाहुणा म्हणून आला होता आणि दाढेनं त्याला रात्रभर झोपू दिलं नव्हतं. दाढ किडून पार पोकळ झाली होती. मी भूल दिली, तोंड मिटू नये म्हणून रबरी ठोकळा अडकवला, लाळ ओढायची नळी लावली आणि कामाला लागलो. माणूस मोठा सोशिक. हूं की चूं नाही.

अर्ध्या कामात मला राहवेना. आयुष्यात अशी संधी पुन्हा यायची नव्हती. मी वाकून अगदी सहज म्हणालो, "खून कोणी केला, एवढं सांगून टाका की. गोष्ट माझ्यापाशीच राहील."

फौजदारांनी डोळे मोठे केले. हात वर केला. मग घशातून आवाज आला, "आ-ई."

मी थरारलो. माळी! मला पहिल्यापासूनच त्याचा संशय होता.

"नक्की?" दाढ कोरायचं यंत्र पुन्हा चालू करत मी विचारलं.

"आ-ई! आ-ई!" फौजदार हात हलवत कळवळून म्हणाले. एवढ्या खात्रीनं सांगितल्यावर आणखी काय विचारायचं? मी आनंदानं दाढ भरून टाकली. ते घाईघाईनं चूळ भरून, हात जोडून निघून गेले.

आता तुम्हीच सांगा, एवढी मोठी गोष्ट एकट्या माणसानं पोटात कुठे ठेवायची? मी ती फक्त जजसाहेबांना सांगितली. तेही त्यांच्या तोंडात कवळीच्या मापाचा साचा होता तेव्हा, म्हणजे ते लगेच कुठे बोलायला जाणार नाहीत. मला काय माहीत, की खुर्चीच्या पलीकडे उभ्या असलेल्या सिस्टरनी फौजदारांचा तोच आवाज ऐकून "बाई" असं मनात पक्कं केलं होतं? आणि दाराला कान लावून बसलेल्या सासूबाईंनी "काकी" ऐकून तिन्ही बहिणींना फोनसुद्धा केले होते!

संध्याकाळपर्यंत गल्लीत तीन तट पडले. वाण्याच्या दुकानात माळीवाले आणि बाईवाले एकमेकांशी बोलेनासे झाले. न्हाव्यानं एका काकीवाल्याची अर्धी दाढी करून त्याला वाद संपेपर्यंत तसाच बसवून ठेवला, असंही कानावर आलं. इथवर ठीक होतं. पण जजसाहेबांनी इंटरनेटवर मालिकेचे प्रेक्षक आपली मतं लिहितात त्या पानावर जाऊन लिहिलं, की खुनी माळी असून ही माहिती खुद्द फौजदारांनी आपल्या दंतवैद्यांना दिली आहे. खाली स्वतःचं नाव आणि हुद्दा. निवृत्त न्यायाधीशाचा शब्द! पाहता पाहता शेकडो लोक तिथे येऊन भांडायला लागले. इतके दिवस जिथे फक्त कौतुक वाचायला मिळायचं, तिथे आता फौजदारांना लोक फितूर म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी फौजदार पुन्हा दारात उभे. बूट पुसले. गालावरची सूज उतरली होती, पण चेहरा पडद्यावर असतो त्याहून थकलेला होता. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं वाटलं असतं. जजसाहेब, सिस्टर, सासूबाई सगळे बाहेरच होते. फौजदार त्यांच्या शेजारी बाकड्यावर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, की मालिकेच्या निर्मातीचा फोन आला होता. शेवट फोडायचा नाही असा शब्द त्यांनी दिला होता. तो मोडला असेल, तर पुढच्या पर्वात फौजदार दुसरा कोणी असेल.

"मला या वयात पुन्हा असं काम मिळायचं नाही, डॉक्टर," ते म्हणाले. "एवढंच सांगा, मी सांगितलं तरी काय?"

"माळी," मी म्हणालो.

"बाई," सिस्टर म्हणाल्या.

"काकी," सासूबाई म्हणाल्या.

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. फौजदारांच्या चेहऱ्यावरचा थकवा मात्र जरा हलला. त्यांनी खिशातून फोन काढला, निर्मातीला लावला, आवाज मोठा करून टेबलावर ठेवला आणि तपास सुरू केला. खराखुरा तपास! कोण कुठे उभं होतं, कोणाचा कान कुठल्या बाजूला होता, नळीचा आवाज चालू होता की बंद, सगळं शांतपणे विचारून घेतलं. सासूबाईंनी दाराला कान लावल्याचं आपणहून कबूल केलं. शेजारी बसल्यावर लोक का बोलतात, ते मला तेव्हा कळलं.

मग त्यांनी मला माझ्याच खुर्चीत बसवलं. सिस्टरनी तो रबरी ठोकळा माझ्या तोंडात अडकवला. जरा जास्तच उत्साहानं.

"म्हणा, माळी."

"आ-ई," मी म्हणालो.

"आता बाई."

"आ-ई."

"काकी."

"आ-ई."

जजसाहेब म्हणाले, हा पुरावा मात्र कुठल्याही कोर्टात टिकेल. फौजदारांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"आता म्हणा, पाणी."

"आ-ई," मी म्हणालो, आणि खुर्चीत पार वितळून गेलो.

"घसा सुकला होता हो," फौजदार म्हणाले. "पहिल्यांदा पाणी मागितलं. ते काही मिळेना. नंतर तुम्ही पुन्हा ते यंत्र चालू केलंत, तेव्हा खरोखरच आईला हाक मारली."

फोनमधून निर्मातीचं हसणं ऐकू आलं. ती हसता हसता म्हणाली, की पुढच्या पर्वात तुम्हीच असाल, आणि हा प्रसंग ती लेखकाला सांगणार आहे. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी ठोकळ्यासकट वाजवल्या. जजसाहेबांनी त्या पानावर आयुष्यातला आपला पहिला निकाल फिरवला आणि लोक पुन्हा कौतुक करायला लागले. जाताना सासूबाईंनी फौजदारांना स्वतःच्या हातानं पेलाभर पाणी दिलं.

रविवारी आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो. काय तो शेवटचा भाग! फौजदार त्या मेलेल्या घड्याळवाल्याच्या दुकानात एकटेच बसतात आणि कितीतरी वेळ काही बोलत नाहीत. आमच्या घरातही कोणी श्वास घेतला नसेल. खुनी ना माळी निघाला, ना बाई, ना काकी. पहिल्या भागात ओझरता दिसलेला गावातला दातांचा डॉक्टर निघाला. गोड बोलून, म्हाताऱ्याची दाढ भरता भरता त्यानं आत विष भरलं होतं.

मालिका संपली. बायको पडदे सारखे करायला लागली. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांचा हात गालावर होता. गेल्याच महिन्यात मी त्यांची दाढ भरली होती.

"जावई म्हणून तुम्ही लाखात एक आहात," त्या उठता उठता म्हणाल्या. "पण उद्यापासून दात मी दुसरीकडे दाखवीन म्हणते."