मोहोळकरकाकांचे पोलिश नोबेल

लाइपझिगमध्ये एका चपलांच्या दुकानासमोर मोहोळकरकाकांनी आमची सबंध बस रिकामी केली. छत्री उभी धरून सगळ्यांना गप्प केलं आणि गंभीर आवाजात सांगितलं, "आल्झो, तर मंडळी, नोबेल मिळालेल्या एका पोलिश लेखकाची दाढ इथं काढली."

आम्ही दुकानाकडे पाहिलं. काचेत उन्हाळी चपलांचा सेल लागला होता.

"इथं?" वर्षावहिनींनी विचारलं. वर्षावहिनी म्हणजे आमच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरी. फ्रँकफर्टला बँकेत असतात आणि संशय घ्यायचा त्यांना पगार मिळतो.

"तेव्हा वरच्या मजल्यावर दाताचा दवाखाना असणार."

"असणार म्हणजे? आहे की नाही माहीत?"

"गेनाऊ," काका म्हणाले आणि छत्री पुढे करून चालू लागले. उत्तर नसलं की काका 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणतात. जर्मन माणूस हा शब्द खात्री असताना वापरतो, काका नसताना.

काका डार्मश्टाटला माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. मूळचे सोलापूरचे, साठीला टेकलेले, अविवाहित. औषधाच्या कंपनीत गोळ्या पाकिटात भरणाऱ्या यंत्रांचं सॉफ्टवेअर सांभाळतात. मी तिथल्या विद्यापीठात पीएचडी करते. मी पत्रकांच्या घरात वाढले. आमच्याकडे पाहुणा आला की चहाच्या आधी त्याच्या हातात पत्रक जायचं. त्यामुळे इथे आल्यावर पहिल्याच वर्षी मी भाडेवाढीविरुद्ध एक पत्रक लिहून जिन्यात चिकटवलं. काकांनी ते उभं राहून वाचलं, माझी बेल वाजवली आणि म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे. पण दुसऱ्या परिच्छेदात तू फार लवकर चिडलीस." माझं पत्रक शेवटपर्यंत वाचणारा हा जर्मनीतला पहिला माणूस. तेव्हापासून आमचं जमलं.

दर वर्षी फिंगस्टन या ख्रिस्ती सणाला जोडून आलेल्या सुट्टीत काका मंडळाची सहल काढतात. त्यांचा एक सिद्धान्त आहे. "पुतळा असतो तिथं माणूस नसतो. माणूस कुठं सापडतो? जिथं त्याची गाडी चुकली, जिथं त्याला सर्दी झाली, जिथं तो कंटाळला." म्हणून गेल्या वर्षी एका महान संगीतकाराचं घर सोडून आम्ही त्याच्या हॅटवाल्याचं दुकान पाहिलं. हॅट त्याला घट्ट झाली होती म्हणे.

यंदाचा विषय होता पोलंडचे नोबेलविजेते. आणि सहलीत पोलंड नव्हतं. "पोलंडात ते थोर होते. जर्मनीत ते नुसते प्रवासी होते," काकांनी सांगितलं. मार्ग फ्रँकफर्ट, लाइपझिग, ड्रेस्डेन आणि शेवटी गोर्लिट्झ. हे सीमेवरचं गाव. गावाखालून नदी वाहते आणि पादचारी पूल ओलांडला की पोलंड.

मी नोबेलच्याच विरोधात आहे. सुरुंगाच्या दारूतून कमावलेल्या पैशानं कवितेला बक्षीस द्यायचं, हे मला पटत नाही, आणि मी ते बसमध्ये माइक घेऊन सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकलं. "म्हणून तर आपण त्यांच्या दाढा बघतोय," ते म्हणाले. "बक्षीस बघतच नाही."

लाइपझिगच्या आधी फ्रँकफर्टच्या हाउप्टबानहोफवर, म्हणजे मुख्य स्टेशनवर, त्यांनी आम्हाला एका फलाटावर नेऊन उभं केलं. एका शास्त्रज्ञ बाईंनी इथं गाडीची वाट पाहिली होती.

"मग आता काय करायचं?" वर्षावहिनींच्या सासूबाईंनी विचारलं. त्या पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या.

"वाट बघा."

"कुणाची?"

"कुणाचीच नाही. नुसती. बाईंनी तशीच बघितली."

सासूबाईंनी पर्समधून तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या. "नुसती वाट मला बघवत नाही," त्या म्हणाल्या आणि सगळ्या फलाटाला पुऱ्या वाटल्या.

बसमधल्या लोकांना वाटत होतं, पोलंड हे काकांचं नवं खूळ. खरं कारण मला माहीत होतं. काकांच्या आई, माई, शेवटची काही वर्षं त्यांच्याकडे होत्या. अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना सांभाळायला हालिना नावाच्या पोलिश बाई घरात राहायच्या. माईंना सोलापुरी मराठी सोडून काही येत नव्हतं, हालिनांना मराठी सोडून बरंच काही. दोघी दिवसभर बोलायच्या. एक मराठीत स्वतःच्या नणंदांबद्दल सांगायची, दुसरी पोलिशमध्ये बहुधा तेच. दोघींचं कधी भांडण झालं नाही, कारण समजलं कुणालाच काही नाही. हालिना माईंच्या विरळ केसांचा इतका घट्ट अंबाडा बांधायच्या की माई सोलापूरच्या भाच्यांना व्हिडिओवर मान वळवून तो दाखवायच्या.

माई गेल्या. पेशंट गेला की एजन्सी बाईला दुसरीकडे पाठवते. काका स्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे नोंदणी कचेरीत, मृत्यूच्या दाखल्यासाठी बसले होते, तेवढ्यात गाडी आली आणि हालिना गेल्या. माईंनी त्यांच्यासाठी एक इरकली लुगडं काढून ठेवलं होतं. "ती जाईल तेव्हा रिकामी पाठवू नकोस. ओटी भर," असं मुलाला बजावलं होतं. हालिना रिकाम्याच गेल्या. त्या आता गोर्लिट्झच्या नदीपलीकडे राहत होत्या आणि तिथल्याच एका वृद्धाश्रमात काम करत होत्या.

"पार्सल करा की," मी म्हटलं होतं.

"ओटी पोस्टानं भरत नाहीत."

"मग स्वतः जाऊन द्या."

"बाईनं भरायची असते. आमच्याकडे आता बाई नाही." मग अडखळत त्यांनी विचारलं, "तू भरशील?"

"काका, मी कॉलेजात ओटीविरुद्ध पत्रक काढलंय. बाईच्या पदरात नारळ कशाचं चिन्ह म्हणून घालतात, माहीत आहे ना?"

"बरोबर आहे तुझं. तत्त्व म्हणजे तत्त्व," काका म्हणाले आणि बसभर बायका गोळा करायच्या मागे लागले. त्या बायकांना मात्र त्यांनी एक अक्षर सांगितलं नाही. कारण हालिना विधवा होत्या. आधी सांगितलं तर नाही म्हणतील. पुलावर समोरासमोर कदाचित म्हणणार नाहीत, असा त्यांचा हिशेब.

ड्रेस्डेनला तो हिशेब बिघडायला लागला. हालिनांना दुपारच्या सुट्टीत तेवढं तासभर पुलावर येता येणार होतं आणि आमची मंडळी सुट्टीच्या बाजारात चिनी मातीच्या बशा उलट्या करून शिक्के तपासत होती.

"गोर्लिट्झमध्ये आहे काय?" वर्षावहिनींनी विचारलं.

"एका कवीनं तिथं गाडी बदलली."

"बदलली की बदलली असणार?"

"गेनाऊ."

"मग आपण गोर्लिट्झ रद्द करू. हात वर करा बरं."

बरेच हात वर झाले. काका छत्रीची मूठ नुसती फिरवत राहिले. मी माइक ओढला आणि ठरलेला कार्यक्रम ऐनवेळच्या बहुमतानं बदलणं ही लोकशाही नसून झुंडशाही कशी, हे इतक्या विस्तारानं सांगितलं, की मी थांबावं म्हणून ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.

हालिना पुलाच्या मध्यावर उभ्या होत्या. आश्रमाचा निळा अंगरखा, वर जॅकेट. काकांना पाहून त्यांनी हात अर्धा वर केला आणि मागची सगळी मंडळी पाहून तो तसाच ठेवला.

काकांनी पिशवी उघडली. लुगडं, खण, तांदूळ, फ्रँकफर्टहून आणलेला नारळ. मग त्यांनी सगळं सांगितलं; माई, अंबाडा, गाडी. सहलीत पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात एकही 'असणार' नव्हतं.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. "काका, पण यांचे मिस्टर..." वर्षावहिनींनी हळूच विचारलं.

"नाहीत."

सासूबाईंनी हातातली पर्स घट्ट धरली. "मग कसं हो करायचं? आमच्याकडे अशी पद्धत नाही."

"माई पण विधवाच होती," काका म्हणाले. "वडील गेल्यापासून तिची कुणी भरली नाही. तिनंच सांगितलंय."

माझं भाषण तयार होतं. पण काकांनी वाट बघितली नाही. त्यांनी हालिनांना जॅकेटचं टोक धरायला खुणेनं सांगितलं आणि स्वतःच ओंजळीनं तांदूळ घालायला लागले. अर्धे तांदूळ जर्मनीत सांडले, थोडे पोलंडमध्ये. मग नारळ उचलून त्यांनी तो चेंडूसारखा ठेवला, शेंडी बाहेर.

"अहो, काय करताय," सासूबाईंना राहवलं नाही. "शेंडी तिच्याकडे हवी."

"अशी?"

"सरका तुम्ही. खण आधी ठेवतात. वर्षा, ते लुगडं उलगड, तिच्या खांद्यावर घाल. जॅकेटात कसली ओटी?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आणि तू काय बघतेस? तांदूळ धर."

मी तांदळाची पिशवी धरली. पिशवी धरणं तत्त्वात बसतं.

सासूबाईंनी रीतसर ओटी भरली. मग जरा थांबल्या. "हळदकुंकू?"

"आणलं नाही," काका म्हणाले. "मला वाटलं, तेवढं कुणी लावणार नाही."

सासूबाईंनी पर्समधून स्वतःचा करंडा काढला आणि हालिनांना कुंकू लावलं. हालिनांना यातलं किती कळलं कोण जाणे. पण त्यांनी लुगड्याचा काठ नाकाशी नेला, वास घेतला आणि काकांच्या बाहीला धरून पोलिशमध्ये बराच वेळ काही सांगत राहिल्या. काका मान हलवत मराठीत "हो, हो" म्हणत होते.

सुट्टी संपली. ओटी सांभाळत, बेतानं पावलं टाकत हालिना पलीकडे गेल्या.

कवीनं गाडी बदलली ते स्टेशन आम्ही पाहिलं नाही. कुणी विचारलंही नाही. परतीच्या वाटेवर बसमध्ये अंताक्षरी रंगली. काका माझ्या शेजारी बसून रिकाम्या पिशवीची घडी घालत होते. घालून झाली की मोडत होते.

"झालं की नाही मनासारखं?" मी विचारलं.

"झालं. छान झालं." त्यांनी घडी पुन्हा मोडली. मग म्हणाले, "माईनं सांगितलेलं हे एवढंच एक राहिलं होतं. आता उद्यापासून तिचं काहीच काम नाही."