लुकलुकेल ती काढायची

ताईंनी लेकीला शब्द दिला होता, आज नाटकाला येणार म्हणजे येणार. मागच्या वर्षी लेक झाड झाली, तेव्हा ताई ऑफिसात. त्याआधी ढग झाली, तेव्हाही ताई ऑफिसात. यंदा ती काजवा होती, आणि काजव्याने सकाळीच बजावलं होतं, "नाही आलीस तर कट्टी. मोठी झाल्यावरसुद्धा!"

आणि नेमके आजच नव्या सर्व्हरांचे कंट्रोलर लावायचे होते. कंट्रोलर म्हणजे सर्व्हरमधल्या डिस्कांचा मुकादम. कोणी कोणाशी जोडी जमवायची, एक आजारी पडली तर तिचं ओझं कोणी उचलायचं, हे तो बघतो. पण त्याला आधी कोणीतरी सांगावं लागतं. एकेका सर्व्हरपुढे बसून सांगायचं तर काजवा म्हातारा झाला असता. म्हणून ताईंनी कंबर कसली आणि स्क्रिप्ट लिहिली, नाटकाची नव्हे, संगणकाला द्यायच्या हुकमांची. पहिल्या सर्व्हरची मांडणी वाच, तीच बाकीच्यांवर बसव. वर एक पर्याय जोडला, 'मध्ये मध्ये विचारू नकोस.'

स्क्रिप्ट गुणी निघाली, तिने काही म्हणजे काही विचारलं नाही. पहिला सर्व्हर रांगेत कुठे आहे ते कळावं म्हणून ताईंनी तिच्यात 'डिस्कांचे दिवे लुकलुकव' अशी ओळ घातली होती, ती काढायची राहिली होती, म्हणून मांडणीबरोबर तीही सगळ्यांवर बसली. खाली सर्व्हरच्या खोलीत सगळ्या सर्व्हरांच्या सगळ्या डिस्का एकदम लुकलुकू लागल्या, जणू काळ्या रानात चांदणं पिकलं.

त्या खोलीची देखभाल मामांकडे. मामांना स्क्रिप्टमधलं काही कळत नसे, पण एक नियम पक्का ठाऊक होता. लुकलुकेल ती बिघडलेली, ती काढायची. हा नियम त्यांना ताईंनीच शिकवला होता.

वर ताईंच्या पडद्यावर उमटलं, 'डिस्क सापडत नाही.' मग पुढच्या सर्व्हरवरही तेच. आणि त्याच्याही पुढच्या.

"विचारू नकोस म्हटलं होतं," ताई पुटपुटल्या, "रडू नकोस म्हणायचं राहिलं!"

त्या तरातरा खाली गेल्या. मामा घाम पुसत उभे होते, चेहऱ्यावर गड जिंकल्याचा आनंद.

"ताई, सगळाच्या सगळा माल सडका! एकजात लुकलुकत होत्या. एक नाही सोडली."

"मामा, डिस्का कुठायत?"

"टेम्पोत. माल घेऊन आलेला पुरवठादाराचा माणूस अजून खालीच होता, त्याला झापलं चांगलं. म्हटलं, उचल हा कचरा आत्ताच्या आत्ता."

ताई धावल्या. टेम्पो फाटकातून निघतच होता. त्या दोन्ही हात पसरून आडव्या उभ्या राहिल्या.

"सरका, बाई," टेम्पोवाला गुरगुरला. "तुमचे मामा मला चोर म्हणाले. आता माल उतरायचा नाही. आधी माफी!"

"मी का मागू? मी नियमाने वागलो!" मागून धापा टाकत मामा.

"नियम माझा, चूक माझी, माफीही माझीच," ताई म्हणाल्या. "आता उतरवा. मला काजवा बघायचाय."

काजव्याचा अर्थ टेम्पोवाल्याला लागला नाही, पण बाईंच्या डोळ्यांचा लागला. त्याने निमूटपणे खोकी उतरवली.

एकेक डिस्क परत खाचेत बसवताना फोन वाजला.

"आई, निघालीस?"

"निघतेच गं चिमणे. एकच सर्व्हर ओळखायला दिवे लावले, तर सगळेच लुकलुकले. मग आपला कुठला ते ओळखणार कसं, सांग!"

पलीकडे काजवा विचारात पडला. "हं," म्हणाला आणि फोन ठेवला.

ताईंनी ती ओळ पुसली, स्क्रिप्ट पुन्हा सोडली आणि शेवटचा सर्व्हर गुपचूप कामाला लागेपर्यंत पडद्यावरून नजर काढली नाही. मामांनी न सांगता स्कूटर काढली. अपराधी माणूस स्कूटर फार जोरात हाकतो.

सभागृहात अंधार. रंगमंचावर काजवेच काजवे, प्रत्येकाच्या कपाळावर लुकलुकता दिवा. यातला आपला कुठला? ताई एकेक कपाळ न्याहाळू लागल्या.

तेवढ्यात त्यांना दिसलं. मधोमध एक कपाळ अंधारं होतं. पडद्याआडून शिक्षिका दबक्या आवाजात ओरडत होत्या, "बटण दाब, बटण!" काजवा ठामपणे मान हलवत होता आणि प्रेक्षकांत कोणाला तरी शोधत होता.

"ती बिघडलीय का, ताई?" मामा कुजबुजले.

"नाही हो मामा. ती आपली."

ताईंनी उभं राहून हात हलवला. काजव्याने पाहिलं, तो हसला आणि त्याने बटण दाबलं. इवलासा दिवा लुकलुकू लागला.

मामांनी, कोणी काही म्हणायच्या आत, दोन्ही हात खिशात घातले.