मालकांचा तपास आणि खालचं छत

मालकांच्या मते जगात खरं दोघांनाच दिसतं: एक देवाला आणि दुसरं त्यांना. देवाला भिंग लागत नाही, एवढाच काय तो फरक. चष्म्याशिवायही त्यांना गुन्हेगार दिसे. चष्मा तेवढा दिसत नसे. तो त्यांच्याच कपाळावरून उतरवून द्यायला मालकीणबाई होत्या.

त्या काळी खालच्या मजल्यावर एक नर्सबाई भाड्याने राहत. रोज दुपारी त्या चहाला वर येत. मालकीणबाईंना दिवसभरात एखादं वाक्य पुरं करायला मिळे, ते तेवढ्या वेळातच. आणि नेमकं नर्सबाईंच्याच स्वयंपाकघराचं छत गळू लागलं.

मालकांचा नियम कडक. प्लंबरला बिघाड सापडला, तर त्याच्या फेरीचे पैसे मालकांचे. नाही सापडला, तर भाडेकरूचे. प्लंबर दोनदा आला. दोन्ही वेळा छत ओलं, पण थेंब गायब. पैसे नर्सबाईंनी भरले.

"काकू, मी दुसरं घर बघतेय," त्या म्हणाल्या. मालकीणबाईंनी घाईघाईने त्यांचा कप पुन्हा काठोकाठ भरला.

"तपास माझ्याकडे!" मालक गरजले. "बाईंचा पेशा काय? नर्स. हत्यार? सिरिंज. नेम धरून छतावर पाणी उडवतात!"

"कशासाठी?" मालकीणबाईंनी विचारलं.

"हेतू नंतर सापडतो. आणि गळती प्लंबरला बघून थांबते, म्हणजे ती त्याला ओळखते. तोही सामील!"

प्लंबरने विचारलं होतं, "वर काय आहे?"

"माझं न्हाणीघर. मी शॉवरखाली बसून विचार करतो. तिथे कुणालाही प्रवेश नाही."

केस गुंतागुंतीची, त्यामुळे विचार लांबले. खाली पातेली भरू लागली.

तिसऱ्या फेरीच्या दिवशी मालकीणबाई खाली गेल्या, तर नर्सबाई खोकी बांधत होत्या. छतातून टप टप चाललं होतं आणि वरून मालकांचं गुणगुणणं येत होतं. तेवढ्यात वर बेल वाजली. गुणगुणणं थांबलं, पावलं धावली, आणि टपटपही थांबली. मालकीणबाईंनी मान वर केली ती तशीच राहिली.

प्लंबरला घेऊन मालक खाली आले. कमरेला टॉवेल, हातात भिंग. "थांबली ना? मी म्हटलं नव्हतं?"

"अहो, परत आंघोळीला जा."

"आत्ता? तपास ऐन रंगात आलाय!"

"म्हणूनच. जा आणि विचार करा."

मालक गेले. थोड्या वेळात प्लंबरच्या टकलावर थेंब पडला.

"सापडली," तो टक्कल पुसत म्हणाला. "वरच्या मोरीचा जोड गेलाय."

मालकीणबाई वर जाऊन नवऱ्याचं पाकीट घेऊन आल्या. प्लंबरचे पैसे दिले, नर्सबाईंचे दोन्ही फेऱ्यांचे परत केले. मागोमाग टॉवेल सावरत मालक आले.

"गुन्हेगार घरातलाच आहे, हे मी पहिल्यापासून ओळखलं होतं."

"कोण हो तो?" नर्सबाईंनी विचारलं.

"ते जाहीर करायची वेळ अजून आलेली नाही."

नर्सबाईंनी खोकी सोडली. जोड बदलला, तरी मालकीणबाईंनी शॉवर कायमचा बंद करून मालकांच्या हाती एक बादली दिली. बादलीभर पाण्यात जेवढा विचार होईल तेवढाच ते करू लागले, आणि त्यावाचून घरात कुणाचं काही अडलं नाही.