व्याह्यांचा स्टेक

स्टेक टेबलावर आला की पेठेकाका आधी तो उलटा करून बघायचे. काट्यानं एक कड उचलायची, मान वाकडी करून खाली डोकवायचं, मग वरची हिरवी काडी बाजूला सारून तिथंही पाहायचं. "झाकण्यासारखं काही असल्याशिवाय कोणी वर कोथिंबीर टाकत नाही," असं म्हणून ताट माझ्याकडे सरकवायचे. "हं, खा."

कारण पेठेकाका स्वतः शुद्ध शाकाहारी. साधेसुधे नव्हे, वाढदिवसाच्या केकमध्ये अंडं आहे का हे आधी फोन करून विचारणारे.

असा माणूस ट्रॉयपासून डेट्रॉइटपर्यंतची स्टेकहाउसं दर शनिवारी दुपारी पालथी का घालत होता? तर त्यांच्या सुमेधानं स्वतःच लग्न ठरवलं होतं. मुलगा नेब्रास्काचा आणि त्याच्या वडिलांचा गुरं पाळण्याचा धंदा. व्याही नोव्हेंबरात पहिल्यांदाच भेटायला येणार होते. काकू जाऊन तीन वर्षं झालेली. आपण मुलीकडचे, तेव्हा मानपानात कमी पडायचं नाही, हे काकांनी एकट्यानंच ठरवून टाकलं.

"जन्मभर गुरांत वावरलेला माणूस तो," ते म्हणाले. "त्याला भिकार स्टेक घातला तर सुमीला तिकडे आयुष्यभर ऐकून घ्यावं लागेल." मी हसलो. ते हसले नाहीत.

चव घ्यायला जीभ हवी, म्हणून माझी नेमणूक झाली. मी कोल्हापूरचा, सडाफटिंग, त्यांच्याच ऑफिसातला. अमेरिकेत येऊन मी काय काय खातो ते माझ्या आईला अजून कळवलेलं नव्हतं. काकांनी धमकी वगैरे काही दिली नाही. "राजा, आईचा पत्ता तोच ना अजून?" एवढंच विचारलं. मी निमूट गाडीत बसलो.

गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत काका इन्स्पेक्शनला होते. वीस वर्षं दुसऱ्यांच्या कामातली खोट शोधून त्यांची नजरच तशी झाली होती. "यात काहीतरी गोम आहे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुकानात सेल लागला, गोम आहे. शेजाऱ्यानं आपणहून बर्फ उपसून दिला, गोम आहे. होणारा जावई 'सर' म्हणतो, व्याही काहीच मागत नाहीत, मग तर गोम आहेच आहे!

पहिल्या हॉटेलातला वेटर दर पाच मिनिटांनी येऊन "सगळं ठीक आहे ना?" असं विचारत होता. काकांनी ते हॉटेल तिथंच बाद केलं. "मन खातंय त्याचं. नाहीतर इतक्यांदा कशाला विचारेल?"

दुसरीकडे वेटरनं विचारलं, रेअर, मीडियम की वेल डन? मी तोंड उघडायच्या आत काकांनी ऑर्डर ठोकली, "रेअर! तुमच्याकडे सगळ्यात रेअर असेल तो." आणि मला मराठीत म्हणाले, "दुर्मिळ असेल तेच बघून ठेवू. व्याह्यांना काय रोजचं घालायचं?"

जे आलं ते आता हंबरेल की मग, असं वाटत होतं. रेअर म्हणजे कच्चा, हे मी समजावलं तर काका उसळले. "कच्च्याला दुर्मिळ म्हणून खपवतात? बघ, म्हटलं नव्हतं मी?"

सात-आठ शनिवार असे गेले. माझ्या पँटी घट्ट व्हायला लागल्या. मग काकांना माझाच संशय यायला लागला. "तुला सगळंच कसं रे आवडतं? यांना सामील नाहीस ना?"

शेवटी एका जुनाट जागी डॉरिस नावाची म्हातारी वेट्रेस भेटली. मेन्यूवर मी बोट ठेवलं तो स्टेक तिनं लिहूनच घेतला नाही. "तो नको घेऊस, बाळा. आज काही बरा आलेला नाही. दुसरा घे."

काका खुर्चीत ताठ झाले. "आपणहून खोट सांगितली तिनं! राजा, ठरलं. हेच." मी खाऊन पाहायचीही वाट बघितली नाही त्यांनी.

भेटीच्या दिवशी सुमेधानं मला हॉटेलच्या दाराशीच गाठलं. "राजूदादा, प्लीज, बाबांना पाहुण्यांचं इन्स्पेक्शन करू देऊ नकोस."

व्याही वॉल्टर म्हणजे दारात मावणार नाही असा माणूस, पण बोलणं दोन शब्दांचं. काका त्यांचा घासन् घास बघत होते. ताट साफ झालं. मी मनात हुश्श केलं, तेवढ्यात काकांनी डॉरिसला खूण केली आणि दुसरा स्टेक आला.

"नो सर, पोट भरलं," वॉल्टर म्हणाले.

पण पंगतीतलं पहिलं 'नको' कोणी ऐकतं का? काका उठले. सुरी घेतली. अंड्याच्या वाऱ्यालाही उभा न राहणारा तो माणूस, त्यानं स्वतःच्या हातानं तुकडा कापला आणि व्याह्यांच्या ताटात वाढला. "माझी बायको असती तर तिनं वाढलं असतं," ते इंग्रजीत म्हणाले. "आग्रह कसा करतात ते मला नीट येत नाही."

वॉल्टरनी एकदा सुमेधाकडे पाहिलं आणि तो तुकडा खाल्ला. काकांनी आणखी एक वाढला, तोही खाल्ला.

"सुमीला उठल्या उठल्या चहा लागतो," काका मध्येच म्हणाले. "तो होईपर्यंत तिच्याशी कोणी बोलायचं नाही."

"मुलाला सांगतो मी," वॉल्टर म्हणाले. काका बराच वेळ त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभे राहिले आणि मग बसले. सुमेधा मान खाली घालून रडत होती. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू?

वसंतात लग्न झालं, सुमेधा नेब्रास्काला गेली. त्यानंतर महिन्याभरानं काकांनी मला घरी बोलावलं. स्वयंपाकघरात शेगडीवर एक नवाकोरा लोखंडी तवा होता, दुकानाचं लेबलसुद्धा काढलेलं नव्हतं. शेजारी पांढऱ्या कागदात दोऱ्यानं बांधलेलं पुडकं. खाटकाकडचं. काकूंच्या त्या स्वयंपाकघरात!

"हे भाजायचं कसं ते शिकव मला," काका म्हणाले. "पुढच्या शुक्रवारी सुमी नि जावई येणारेत."

"अहो काका, काहीतरीच काय? एवढं शोधून काढलंय ना आपण हॉटेल? तिथं न्या त्यांना."

काका पुडक्याचा दोरा सोडायला लागले. त्यांना ती गाठ काही केल्या सुटेना.

"हॉटेलात जेवली की तिथूनच परत जातात रे."