चांदणीचं अडलेलं अंडं

वलगावच्या धर्मपाल तायड्यांची कोंबडी, चांदणी, दोन दिवसांपासून पेरूच्या झाडाखाली शेपटी पाडून उभी होती. दाणा टाकला तरी बघत नव्हती. तिची पापणी खालून हळूच वर चढायची आणि ती उभ्या उभ्याच कुठंतरी दूर निघून जायची.

शेवटी धर्मपालनं तिला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. अंडं अडलं आहे, दुखणं गंभीर आहे, असं डॉक्टरांनी तपासून सांगितलं. कोमट पाण्यात मीठ टाकून तिला अर्धा अर्धा तास बसवायचं, अंधारात ठेवायचं, घरात आवाज होऊ द्यायचा नाही. सकाळपर्यंत अंडं आलं तर ठीक, नाहीतर सुई देऊन तिला शांतपणे सोडवायचं. औषधाचे चार थेंब त्यांनी तिथंच तिच्या चोचीत घातले.

घरी धर्मपालच्या बायकोचा, मायाचा, मोठा भाऊ नागसेन मूर्तिजापूरहून आला होता. संध्याकाळच्या गाडीनं तो परत जाणार होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला. "जिती हाय तवरच कापून टाका, भाऊजी."

"तिच्या पोटात दवाई गेली, दादा," माया म्हणाली. "आता खाशीन का तू?"

तो मार्ग असा बंद झाला आणि घरात शांतता सुरू झाली. टीव्ही बंद. कुकरच्या शिट्टीनं चांदणी दचकेल म्हणून मायानं भात पातेल्यात टाकला, त्याची पेज झाली. दारावरच्या बेलचा आवाज नको म्हणून धर्मपालनं तिची वायर ओढली, तर अख्ख्या घराची लाइट गेली. न्हाणीघरात अंधार मात्र डॉक्टरांना हवा होता तसा झाला. शेजारच्या पार्वताबाई दही द्यायला आल्या, तेव्हा तिथं निळ्या टबाभोवती तिघं जण कुजबुजत बसले होते. काय झालं ते न विचारता त्यांनीही चपला काढल्या आणि कुजबुजतच बसल्या.

तासाभरानं धर्मपालची कंबर धरली. पाच मिनिटांसाठी म्हणून त्यानं चांदणीला नागसेनच्या हातात दिलं. तिनं मान त्याच्या मनगटावर टेकवली आणि डोळे मिटले.

झरोक्यातून उतरत्या उन्हाची एक बारीक पट्टी पाण्यावर येऊन पडली होती. वाफ त्या पट्टीत वर चढायची आणि विरून जायची. बाहेर कुणाची तरी सायकल गेली, ती फार लांबून गेल्यासारखी वाटली. नागसेनला लहानपणची दुपार आठवली. आई कापूस वेचून दमून यायची, घडीभर आडवी व्हायची आणि भावंडं श्वाससुद्धा जपून घ्यायची. तो पाण्यात हात ठेवून तसाच बसून राहिला. पाणी निवलं की माया तांब्यानं ऊन पाणी ओतायची.

"दादा, गाडीची वेळ झाली," तिनं कानाशी येऊन सांगितलं.

"जाऊ दे गाडी. हिनं आताच डोये लावले."

सकाळ झाली, तरी अंडं आलं नव्हतं. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आणा तिला. धर्मपालनं टोपली काढून ओट्यावर ठेवली, पण ती उचलायला कुणीच पुढं होईना. धर्मपाल मायाकडे बघत होता, माया टबाकडे.

"मले काई डाक्टरकीतलं समजत नाई," नागसेन भिंतीकडे बघत म्हणाला. "पण आनखी एक डाव बसवू तिले."

त्याच डावात, पाणी निवता निवता, चांदणीनं अंग फुलवलं आणि नागसेनच्या तळहातात काहीतरी मऊ, गरम सरकलं. टरफलाशिवायचं अंडं होतं ते, ओल्या चंद्रासारखं. मग हलक्या आवाजात त्यानं सगळ्यांना बोलावलं.

आता हिला काही महिने अंडी घालू देऊ नका, अंधारात निजवत जा, असं डॉक्टरांनी फोनवर बजावलं. अंगात चुना कमी पडला होता, म्हणून अंड्यांची टरफलं भाजून, कुटून दाण्यात द्यायची होती. पण घरात अंडी देणारी तेवढी एकच होती, आणि ती आता रजेवर गेलेली.

नागसेन पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या कुंदनच्या दुकानात गेला आणि त्यानं दोन डझन अंडी मागितली. कुंदननं मोजता मोजता विचारलं, "तुमच्या बहिनीघरी कोंबडी हाय ना? मंग एवढे अंडे कोनासाठी?"

"तिच्यासाठीच," नागसेन म्हणाला. इथं मोठ्यानं बोललं तरी चालतं, हे त्याच्या ध्यानातच नव्हतं; तो अजूनही कुजबुजतच होता.