हिरव्या साडीतली हडळ

आमच्या शेजारच्या सगुणाबाई कुणाचंही म्हणणं पहिल्या झटक्यात ऐकत नसत. आधी "कायले?" विचारत. कंडक्टर म्हणाला, "बाई, पुढे सरका," की "कायले?" डॉक्टर म्हणाले, "जीभ दाखवा," की "कायले?" कारण पटलं तर जीभ बाहेर यायची, नाहीतर पिशवी उचलून बाई घरी.

तुमसरला त्या शिवणकाम करत. विशीच्या आत नवरा गेला, तेव्हापासून अंगावर पांढरं लुगडं. मी शाळामास्तर, त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहणारा.

ऐंशी सालाच्या आसपास नाकाडोंगरीकडच्या एका जुन्या बंगल्यात मुंबईचे सिनेमावाले उतरले. भुताचा विनोदी सिनेमा होता. त्यांचा शिंपी तापाने आडवा झाला. कुणीतरी मला विचारलं, आणि मी सगुणाबाईंना मशीनसकट घेऊन गेलो.

दोन दिवसांत त्यांनी सगळ्यांना जेरीस आणलं. माप देताना हिरोला पोट आत ओढू दिलं नाही. "सोडा पोट. दिवसभर थोडीच धरून ठेवान," म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी दिग्दर्शकांनी एक साडी पुढे केली. "मावशी, ही हडळीची. पदराच्या चिंध्या करून द्या."

"पांढरी कायले?"

"हडळ पांढऱ्यातच असते."

"कोनं पाह्यली?"

दिग्दर्शक हसले. बाई हसल्या नाहीत. "साहेब, आमच्या गल्लीत पांढरं लुगडं मायं एकटीचंच हाये. लेकरू जेवत नसलं का मायंच नाव घेतेत. सगुणा येईन, म्हनतेत. आता तुमी तं पडद्यावरच दाखवून राहिले."

मी खाली बघत राहिलो. आमची चार वर्षांची मंदा वरणभात खात नसली की आमच्या घरातही हेच नाव निघायचं. भिंत इतकी पातळ असेल, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

"लोक घाबरायला हवेत ना, मावशी."

"तुमी तं हसवाचा सिनेमा म्हनलं होतं."

"राहू द्या. चिंध्या आम्ही करू," म्हणत दिग्दर्शक जेवायला गेले. ते हात धुऊन परतले, तेव्हा साडी बादलीतल्या हिरव्या रंगात बुडालेली होती आणि सगुणाबाई काठीने ती ढवळत होत्या.

"कुणाला विचारून रंगवली?" दिग्दर्शक लालबुंद झाले.

"तुमी पांढरी कराले कोनाले विचारलं?"

दुसरी साडी नव्हती. आरडाओरडा ऐकून हडळीचं काम करणारी नटी बाहेर आली. तिने ती ओली साडी खांद्याला लावून पाहिली आणि म्हणाली, "मेल्यावर तरी मला आवडीचा रंग नेसू द्या." कॅमेरावाला आधी हसला, मग सगळेच. त्या दुपारी हडळ हिरव्या साडीच्या निऱ्या सावरत, लाजत-मुरडत हिरोच्या मागे धावली.

सगुणाबाईंना दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं नाही. मशीन एस.टी.च्या टपावर चढवताना त्या एवढंच म्हणाल्या, "नका बलावू. रंग तं बसला."

वर्षभराने सिनेमा तुमसरच्या टॉकीजला लागला. दुपारच्या खेळाला माझी बायको सगुणाबाईंना आपणहून बोलवायला गेली. काय बोलली मला ठाऊक नाही, पण परतली तेव्हा तिचे डोळे ओले होते.

पडद्यावर हडळ आली आणि टॉकीज खदखदून हसली. मंदा तेवढी घाबरली. आईच्या कुशीत शिरायला गेली आणि अंधारात जी मांडी सापडली तिच्यात घुसली. ती सगुणाबाईंची होती. त्यांचे हात बराच वेळ हवेतच राहिले. कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. मग एक हळूच मंदाच्या पाठीवर टेकला.

सिनेमा संपला, दिवे लागले. मंदा गाढ झोपली होती. बायको तिला घ्यायला वाकली, तर सगुणाबाईंनी नुसती नकाराची मान हलवली.

दारावरचा माणूस आला. "चला बाई, हॉल खाली करा."

"नाही करत," सगुणाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "लेकरू झोपलं हाये."

आम्ही दोघंही पुन्हा खुर्चीत बसलो.