पुस्तकाबरहुकूम फिल्टर

“साहेब, ह्यो फिल्टर आता गेला म्हणायचा,” असं म्हणून देवाप्पानं हातातला काळाकुट्ट ऐवज उलटा करून दाखवला. त्यातून डांबरासारखं तेल ठिबकलं. विश्वेश्वररावांनी चपळाईनं पाय मागे घेतला.

“बदलून टाका मग.”

“माझ्याकडं ह्या मापाचा न्हाई. तुमीच जे. सी. रोडला नागनाथशेटच्या दुकानात जावा. ह्यो जुना कागदात गुंडाळून देतो. शेटला नुस्ता दाखवा. बोलू नका.”

देवाप्पा चिकोडीकडचा. बारा वर्षांपूर्वी बेंगळुरूला आला आणि चामराजपेटेत पिंपळाखाली गॅरेज टाकून बसला. गिऱ्हाइकाची पारख त्याला चांगली होती, म्हणूनच ‘बोलू नका’ हे त्यानं मुद्दाम सांगितलं. पण न बोलणं विश्वेश्वररावांच्या पत्रिकेतच नव्हतं.

विश्वेश्वरराव छापखान्यात मुद्रितं तपासत. वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून काढून त्यांना अशी सवय जडली होती की लग्नपत्रिका हातात आली तरी वधूवरांच्या आधी त्यांना त्यातला ऱ्हस्वदीर्घ दिसे. पाच महिन्यांपूर्वी, म्हणजे एकसष्ट सालच्या पावसाळ्याअखेर, त्यांनी कूर्गातल्या एका कॉफीमळेवाल्याची जुनी विलायती गाडी घेतली. गाडीबरोबर एक कातडी बांधणीचं पुस्तक आलं. गाडीचा कुठला स्क्रू कुठे आणि कुठलं तेल किती, हे सगळं त्यात आकृत्यांसह दिलेलं. विश्वेश्वररावांनी गाडी चालवण्याआधी ते पुस्तक दोनदा वाचलं. दोनशे चौदा पानांत त्यांना एकही चूक सापडली नाही. त्या दिवसापासून त्या पुस्तकावर त्यांची श्रद्धा बसली.

“जुना फिल्टर नको,” ते देवाप्पाला म्हणाले. “पुस्तकात नंबर आहे. पान सत्त्याऐंशी. सातशे एकतीस.”

“साहेब, पुस्तक साध्या इंजिनाचं असंल. ह्या इंजिनावर ब्लोअर बसलाय, सुपरचार्जर म्हणत्यात त्यो. आत हवा ढकलून इंजिनाची ताकद वाढवतोय. त्याला बी तेल लागतंय. फिल्टर थोरलाच पायजे.”

“पुस्तकात ब्लोअरचा उल्लेख नाही.”

“तेच म्हणतोय की!”

“म्हणजे गाडीला ब्लोअर नाहीच.”

“मग गाडी पळाया लागली की शिट्टी कोण वाजवतंय?”

या प्रश्नाला पुस्तकात उत्तर नव्हतं, म्हणून विश्वेश्वररावांनीही दिलं नाही. कागदात गुंडाळलेला जुना फिल्टर तिथेच बाकावर ठेवून ते निघाले.

नागनाथशेटचं दुकान म्हणजे छतापर्यंत खोक्यांची भिंत. शेटनं चष्मा कपाळावर चढवून विचारलं, “जुना नग आणलात का राव?”

“जुना नग हा पुरावा होत नाही. आधीच्या मालकानं चुकीचा बसवला असेल तर? मी चूक पुढे चालवायची? हे बघा पुस्तक.”

शेटनं पुस्तकाकडे आदरानं पाहिलं, हात मात्र लावला नाही. मग त्यानं फळीवर तीन फिल्टर मांडले. लांबून पाहिलं तर तिन्ही सख्खे भाऊ. जवळून पाहिलं तर एक बोटभर उंच आणि त्याच्याबरोबरची रबरी कडी जाड, एकाचं मधलं भोक रुंद, तिसरा बुटका आणि त्याची कडी बारीक.

“ह्यातला सातशे एकतीस हा धाकटा,” शेट म्हणाला. “पण तुमच्या गाडीची शिट्टी मी रोज ऐकतो. माझं ऐका, तो थोरला न्या. नाहीतर स्वल्प बॉनेट उघडून माप तरी घेऊन या.”

“शेट, छापलेल्या गोष्टीचं माप घ्यायचं नसतं.”

“सरी,” शेट म्हणाला आणि त्यानं चष्मा परत डोळ्यांवर ओढला. बेंगळुरूत ‘सरी’ म्हणजे बरं, आणि ‘तुमचं तुम्ही बघा’ असाही त्याचा अर्थ होतो.

देवाप्पानं तो धाकटा फिल्टर इंजिनावरच्या त्याच्या वाटीत घालून पाहिला, काढला, पुन्हा घातला. रबराची कडी खाचेत सैल पडत होती. बोल्ट आवळून आवळून त्याच्या कपाळावर घाम आला.

“बसलाय साहेब,” तो शेवटी म्हणाला. “पण बसून ऱ्हाईल असं वाटंना.”

एवढ्या साध्या फिल्टरवरून विश्वेश्वररावांचा जीव का अडला होता, त्याला कारण होतं. येत्या रविवारी आनेकलला त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, अंबूबाईंच्या मुलाची मुंज होती. सकाळी अकरा वाजून बारा मिनिटांचा मुहूर्त. विश्वेश्वरराव म्हणजे बटूचे सख्खे मामा, आणि घराण्याचे उपाध्याय व्यासाचार्य गुरुजी राहायला बेंगळुरूत, त्यांच्याच गल्लीत. मामा आणि गुरुजी दोघांनाही गाडीतून आणतो, असं त्यांनी दिवाळीलाच जाहीर करून टाकलं होतं. त्यावर अंबूबाईंचं कार्ड आलं : ‘विशू, मुकाट्यानं सकाळच्या बसनं ये. माझ्या सासरची माणसं आधीच म्हणतात की हिच्या माहेरचे नुसते बोलतात.’

विश्वेश्वररावांनी त्या कार्डातल्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि उलट टपाली कळवलं की गाडीच येईल.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार, तीन दिवस गाडी घर ते छापखाना आणि छापखाना ते घर अशी रुबाबात फिरली. वेग बैलगाडीहून थोडा जास्त. तेल खाली पडलं नाही की धूर निघाला नाही. “बघितलंस?” ते बायकोला, अहल्याबाईंना म्हणाले, “देवाप्पा अनुभवावर जातो. मी आधारावर.”

“देवाप्पाला रविवारी बरोबर घेऊ या का?” अहल्याबाईंनी विचारलं.

“कशाला? मुंज त्याची आहे का?”

रविवारी पहाटेच गुरुजी सोवळं नेसून आले. ओलेत्या सोवळ्याला विटाळ होऊ नये म्हणून मागची अख्खी बाजू त्यांना एकट्यांना दिली. अहल्याबाई पुढे बसल्या, मांडीवर भाच्यासाठी घेतलेलं चांदीचं भांडं. होसूर रोडला लागेपर्यंत सगळं ठीक होतं. पण गुरुजींना वाटेत दोन ठिकाणी नमस्काराला थांबायचं होतं, आणि दुसऱ्या देवळात पुजारी त्यांच्या ओळखीचा निघाला. चंदापूरच्या फाट्यावर गाडी वळली तेव्हा साडेआठ होऊन गेले होते.

“आता जरा सोडतो हिला,” विश्वेश्वरराव म्हणाले आणि त्यांनी पाय दाबला. पाच महिन्यांत प्रथमच त्यांनी तो इतका दाबला. बॉनेटखालून शिट्टी सुरू झाली, वाढली, पार टिपेला पोचली. गाडी उधळली. नारळाची झाडं सपासप मागे जाऊ लागली. गुरुजींनी विष्णुसहस्रनाम मधूनच सुरू केलं.

“अहो,” अहल्याबाई म्हणाल्या, “तो तेलाचा काटा झोपला.”

“काटा जुना आहे.”

“आत्तापर्यंत उभा होता.”

“थकला असेल.”

“अहो, थांबवा!” हे ‘थांबवा’ त्यांनी अशा आवाजात म्हटलं की विश्वेश्वररावांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, तो आवाज त्यांनी आधी दोनदाच ऐकला होता.

बॉनेट उघडलं तर आत अभ्यंगस्नान झालेलं. ब्लोअरच्या शिट्टीबरोबर तेलाचा दाब वाढला आणि खाचेत सैल बसलेली ती कडी सापासारखी बाहेर आली होती. मागे रस्त्यावर अर्ध्या फर्लांगाची काळी रेघ, खडूनं मारावी इतकी सरळ. इंजिनात तेल म्हणून काही उरलं नव्हतं. बाईंनी हाक मारली नसती तर इंजिनही उरलं नसतं.

“गुरुजी, स्वल्प अडचण आलीय,” विश्वेश्वरराव खिडकीत वाकून म्हणाले.

गुरुजींनी पंचांगावरून नजर न उचलता सांगितलं, “अकरा बारा. त्यानंतर चैत्रापर्यंत या मुलाला मुहूर्त नाही.”

इतक्यात मागून आनेकलची बस आली. ती थांबलीसुद्धा, पण मुहूर्ताचा रविवार असल्यामुळे तिच्या दारात माणसं लोंबकळत होती आणि टपावर बँडवाले बसले होते. कंडक्टर म्हणाला, एक माणूस कसाबसा कोंबतो. गुरुजींनी आपल्या सोवळ्याकडे पाहिलं, त्या दाराकडे पाहिलं आणि खिडकीची काच वर केली. बस गेली.

मग आली एक बैलगाडी. कल्लाप्पा आणि त्याची बायको यल्लव्वा शेताला निघाले होते. संक्रांतीला बैलांची शिंगं रंगवलेली, ती अजून तशीच, एक हिरवं एक तांबडं. गळ्यात घुंगुरमाळा. विश्वेश्वररावांनी हात जोडले. “अण्णा, आमच्या गुरुजींना आनेकलपर्यंत न्याल का?”

“न्यायला काय,” कल्लाप्पा कानडी वळणाच्या मराठीत म्हणाला, “पण मागं बघा की.”

मागे गाडी शेणखतानं शिगोशीग भरलेली होती.

गुरुजींना बसमध्ये बसवता येत नव्हतं, खतावर बसवता येत नव्हतं, आणि पाच मैल धुळीच्या रस्त्यानं सोवळ्यात चालवता येत नव्हतं. साऱ्या रस्त्यात सोवळं राखील अशी जागा एकच होती, आणि गुरुजी तीत बसलेलेच होते. हे प्रथम अहल्याबाईंच्या लक्षात आलं. त्या कल्लाप्पाला म्हणाल्या, “अण्णा, गाडी राहू दे. बैल द्या.”

विश्वेश्वररावांना हा प्रस्ताव ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं. “अगं, लोक काय म्हणतील? अक्काच्या सासरची माणसं!”

“मुहूर्त टळल्यावर काय म्हणतील ते आधी ठरवा.”

यल्लव्वा खताच्या गाडीपाशी राखणीला बसली. कल्लाप्पानं जू आणलं, पुढच्या बंपरला दोर आवळले आणि बैलांना हाळी दिली. विलायती गाडी घुंगरं वाजवत आनेकलच्या रस्त्याला लागली. चढावर कल्लाप्पा बैलांना गोंजारी. उतारावर गाडी बैलांच्या टाचांवर जाई, तेव्हा तो मागे वळून ओरडे, “सार, ब्रेक! ब्रेक!” विश्वेश्वररावांनी आयुष्यात इतकं एकाग्र ड्रायव्हिंग कधी केलं नव्हतं. शेतातली माणसं कामं टाकून बांधावर येऊन उभी राहत होती. ते दोन्ही हातांनी चाक धरून मान खाली घालून बसले. चेहरा लपवायला टोपी पुढे ओढली तर समोरचे बैल दिसेनात.

आनेकलच्या वेशीत शिरले तेव्हा अकराला दहा मिनिटं होती. रस्त्यात एक म्हैस आडवी झाली आणि सवयीनं विश्वेश्वररावांनी हॉर्न दाबला. गाडीत एवढीच एक गोष्ट धड चालत होती. त्या आवाजानं म्हैस हलली नाही, बैल मात्र बिथरले. ते म्हशीला वळसा घालून शेपट्या वर करून जे सुटले ते पेठेतून, कमानीखालून, सनईवाल्याला बाजूला सारत थेट अंबूबाईंच्या मांडवाच्या दारात. विश्वेश्वररावांनी जिवाच्या आकांतानं ब्रेक दाबला, कल्लाप्पा वेसणीला लोंबकळला, आणि गाडी तुळशीवृंदावनापासून हातभर अंतरावर थांबली. मागचं दार उघडून व्यासाचार्य गुरुजी उतरले. सोवळ्यावर डाग नाही, हातात पंचांग.

अंबूबाई लगबगीनं बाहेर आल्या. विश्वेश्वररावांनी डोळे मिटून घेतले. आता शब्दाला शब्द लागणार!

“विशू!” अक्का खिडकीत वाकून म्हणाल्या. “एवढं कशाला रे केलंस? नुसती गाडी आणलीस तरी पुरे होतं!”

त्यांनी डोळे उघडले. अक्काच्या सासरची सगळी माणसं मोटारीभोवती गोळा झाली होती. कोणी रंगीत शिंगांना हात लावत होतं, कोणी घुंगुरमाळा मोजत होतं. अक्कांचे कधी न हसणारे सासरे दिवाणांच्या आमदनीत असा थाट होता म्हणून सांगत होते. त्यांनी विश्वेश्वररावांचे दोन्ही हात हातात घेतले.

“खरं म्हणजे काय झालं,” विश्वेश्वरराव प्रामाणिकपणे सुरुवात करू लागले, “पान सत्त्याऐंशीवर...”

“यांना थाटाची फार हौस,” अहल्याबाई म्हणाल्या आणि पदराआडून त्यांनी नवऱ्याला असा चिमटा काढला की पान सत्त्याऐंशी पुढे आलंच नाही.

मुंज मुहूर्तावर लागली. संध्याकाळी बटूची, म्हणजे सुधींद्रची, मिरवणूक त्याच गाडीतून निघाली. सुधींद्र पुढच्या सीटवर मामाशेजारी बसला, कल्लाप्पाला फेटा बांधला, यल्लव्वाला बोलावणं पाठवून जेवायला बसवलं. मिरवणूक दोनदा त्याच पेठेतून फिरवली, कारण पहिल्या फेरीला काही घरांचं बघायचं राहून गेलं होतं.

सोमवारी निरोप मिळाल्यावर देवाप्पा बसनं आनेकलला आला. येताना त्यानं बाकावरचा जुना फिल्टर नागनाथशेटला दाखवून त्याच मापाचा थोरला आणला होता. जाड कडी खाचेत अशी बसली की जणू तिथेच जन्मली. नवं तेल घातलं, इंजिन सुरू केलं, काटा ताडकन उभा राहिला. देवाप्पानं चिंधीनं इंजिनावरची वीस वर्षांची काजळी पुसली, तशी खाली एक पितळी पट्टी निघाली. तिच्यावरचा नंबर पुस्तकातल्या नंबरशी कुठेच जुळत नव्हता.

“मळ्याच्या साहेबानं अख्खं इंजिनच बदललंय,” देवाप्पा म्हणाला.

“म्हणजे पुस्तक चुकीचं नव्हतं,” विश्वेश्वरराव म्हणाले.

“न्हवतंच की साहेब. गाडीच निराळी हुती.”

त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं, आणि नवल म्हणजे विश्वेश्वरराव बोललेही नाहीत. परतीच्या वाटेवर त्यांनी पाय दाबला, शिट्टी टिपेला गेली आणि तेलाचा एक थेंब सांडला नाही. गाडी आता खरोखर मनासारखी झाली होती. पुढचे पंधरा दिवस छापखान्यात जो भेटेल त्याला ते थोरल्या फिल्टरची महती सांगत होते.

तिसऱ्या रविवारी सकाळी दारात आनेकलचे एक गृहस्थ उभे राहिले. जरीकाठी उपरणं, हातात पानसुपारीचं तबक. मुलीचं लग्न काढलं होतं आणि वरातीसाठी रावसाहेबांची मोटारच हवी, असा व्याह्यांचा हट्ट होता. विश्वेश्वररावांची छाती फुगली. ते त्यांना अंगणात घेऊन गेले, बॉनेट उघडलं, ब्लोअर दाखवला, फिल्टर दाखवला, इंजिन सुरू करून काटा दाखवला.

गृहस्थांनी सगळं शांतपणे पाहून घेतलं. मग ते अदबीनं म्हणाले, “मोटार फार सुंदर आहे राव. एक विनंती होती. लग्नापुरतं हे इंजिन काढून ठेवता येईल का? बैलांना जड जातं.”

विश्वेश्वरराव बॉनेट हातात धरून उभेच राहिले. आतून अहल्याबाईंचा आवाज आला, “हो हो, येईल की! तारीख कुठली म्हणालात?”